पाण्यातले देव

सुहासिनीबाईंनी देव पाण्यात घातला त्याला पाच महिने होऊन गेले होते आणि देव अजून हूं का चूं करत नव्हता.

देव पाण्यात घालून बसलोय, असं आपण सगळेच म्हणतो. मॅच असली की म्हणतो, पोराचा बारावीचा निकाल असला की म्हणतो. पण खरोखर घालतं कोण? सुहासिनीबाईंनी घातला होता. शनिवार पेठेतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, देव्हाऱ्याच्या शेजारी, तांब्याच्या एका लहान पातेल्यात. माहेरहून लग्नात आलेला पितळेचा बाळकृष्ण, रांगता, हातात लोण्याचा गोळा घेतलेला, चांगला डोक्यावरून चार बोटं पाण्यात. रोज सकाळी पाणी बदलायचं तेही बेतानं, एकीकडून नवं ओतायचं आणि दुसरीकडून जुनं वाटीनं काढायचं. डोकं क्षणभरही उघडं पडता कामा नये. ऐकल्याशिवाय बाहेर काढायचा नाही, हा नियम. सरळ सांगायचं तर देवाला ओलीस धरण्यातलाच प्रकार. पण त्यांच्या आईनं वडिलांच्या टायफॉइडमध्ये असाच धरला होता आणि नवव्या दिवशी ताप उतरला होता, त्यामुळे सुहासिनीबाईंची खात्री होती.

"अगं, न्यूमोनिया होईल त्याला," श्रीधरराव पहिल्या दिवशी म्हणाले होते.

"होऊ दे. मग तरी लक्ष देईल."

श्रीधरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. एके काळी पुण्यात फोनसाठी आठ-आठ, नऊ-नऊ वर्षं यादीत नाव पडून असायचं, आणि लोक त्यांच्या टेबलापाशी येऊन विचारायचे, साहेब, आमचा नंबर कधी? "यायचा तेव्हा येईल," असं ते वर न बघता म्हणायचे. आता रिक्षावाल्याच्याही खिशात दोन-दोन मोबाइल आले होते, फोनची यादी कधीच इतिहासजमा झाली होती, आणि श्रीधररावांच्या स्वतःच्या मुलीचं नाव दुसऱ्या एका यादीत पडून होतं. ती यादी मूत्रपिंडाची होती.

मुलगी कादंबरी तेहतीस वर्षांची. हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम. दुसऱ्यानं केलेल्या चुका शोधायच्या, त्याचा पगार. "आई, अख्ख्या कंपनीच्या चुका मी पकडते आणि माझ्या पोटातली मात्र पकडता आली नाही बघ," असं ती एकदा हसत म्हणाली होती. सुहासिनीबाईंना मुळीच हसू आलं नव्हतं. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आईला मधुमेह, त्यामुळे आईचं चालत नव्हतं. वडिलांचा रक्तगट जुळत नव्हता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर डायलिसिस. मशीन रक्त काढून घ्यायचं, धुवायचं, परत द्यायचं. घरी आल्यावर पोर पिळून काढलेल्या फडक्यासारखी पडून राहायची.

यादीचं काम बघणाऱ्या नम्रता मॅडमनी सुरुवातीलाच सगळं समजावून सांगितलं होतं. एखादा पेशंट मेंदूनं मृत झाला आणि त्याच्या घरच्यांनी संमती दिली, तर दोन मूत्रपिंडांपैकी एक त्याच हॉस्पिटलच्या यादीतल्याला मिळतं. मोबाइल कायम चालू ठेवायचा. फोन लागला नाही तर पुढच्याला. कादंबरीचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, आणि त्या गटात तिचा नंबर आता पहिला लागला होता. तेव्हापासून मोबाइल कणकेच्या डब्याशेजारी, देव्हाऱ्याशेजारी, मोरीच्या दाराशी, जिथं सुहासिनीबाई असतील तिथं असायचा. संध्याकाळी जपाची माळ ओढताना त्यांचा एक डोळा मोबाइलवर असायचा. मागणं एकच असायचं: लवकर, रे बाबा, लवकर.

लवकर म्हणजे नेमकं काय, याचा विचार त्यांनी केला नव्हता. खरं सांगायचं तर करायचाच नव्हता.

त्या मंगळवारी कादंबरीला आत सोडून त्या नेहमीच्या बाकावर बसल्या, तर शेजारी एक बाई. डोक्यावरून पदर, पायात रबरी चपला, मांडीवर गच्च धरलेली नायलॉनची पिशवी. डायलिसिसच्या समोरच अतिदक्षता विभागाचं दार होतं. ते उघडलं की ती बाई उभी राहायची आणि बंद झालं की बसायची. असं सहा-सात वेळा झाल्यावर सुहासिनीबाईंना राहवेना. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई त्या, उठबस करणारं मूल दिसलं की विचारल्याशिवाय कशा राहणार?

"कोण आहे आत?"

"माहं लेकरू," ती बाई म्हणाली आणि रडायला लागली.

तिचं नाव मुक्ताई. वाशिमकडची. नवरा नागोराव कधीच वारलेला, ती गावात अंगणवाडीत मदतनीस. एकुलता एक मुलगा साई, लोणी काळभोरच्या बाजूला इंजिनिअरिंगला. रविवारी मित्राच्या गाडीवरून येत होता, सोलापूर रस्त्यावर ट्रकनं उडवलं. मित्राला खरचटलंसुद्धा नाही. साईच्या डोक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो अजून डोळे उघडत नव्हता.

"रगत लागन म्हन्ते अजून. मी इथं कोनाले वळखते, बाई? ओ पाजिटिव म्हन्ते."

ओ पॉझिटिव्ह. सुहासिनीबाईंच्या छातीत काहीतरी टुणकन उडालं. अगदी आनंदासारखं. त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली की त्या ताडकन उठल्या, खाली जाऊन श्रीधररावांना फोन लावला आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या जुन्या ऑफिसातले ओ पॉझिटिव्हवाले जेवढे असतील तेवढे घेऊन या. आत्ता. कारण विचारू नका." आणि श्रीधररावांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, कारण न विचारता चार माणसं आणली.

गुरुवारी त्यांनी मुक्ताईंसाठी डबा नेला. पोळी-भाजी, वरण-भात, थोडी लिंबाची फोड. मुक्ताईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या हाय. देवाले कसं म्हनाव लागते, सांगा ना. मी म्हनते, पर तो ऐकून नाई रायला. माहं काई चुकते का?"

झालं! शिकवायला सांगितल्यावर सुहासिनीबाई शिकवणार नाहीत? त्यांनी सगळं सांगितलं. आईचं सांगितलं, टायफॉइडचं सांगितलं, पाणी कसं बदलायचं तेही सांगितलं. मुक्ताई जीव कानात आणून ऐकत होत्या. पण देव आणायचा कुठून? घाईघाईत गाडीत बसलेल्या बाईच्या पिशवीत दोन लुगडी आणि पोराचं कॉलेजचं ओळखपत्र, एवढंच. तेव्हा डायलिसिस संपायला अजून दोन तास होते म्हणून सुहासिनीबाई रिक्षानं बुधवार पेठेत गेल्या, भांडीवाल्याकडून बोटाच्या पेराएवढा पितळेचा गणपती घेतला आणि जाता-येता दगडूशेठला बाहेरूनच हात जोडले. स्टीलच्या झाकणाच्या पेल्यात पाणी घालून मुक्ताईंनी तो आत सोडला. पेला नातेवाइकांच्या हॉलमधल्या खिडकीत ठेवला.

"आता ऐकल्याशिवाय बाहेर काढायचा नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "कोणी काही म्हणो. मन घट्ट करायचं."

"नाई काढत," मुक्ताई म्हणाल्या. त्या दिवशी त्या पहिल्यांदा पोटभर जेवल्या.

घरी आल्यावर हे सगळं श्रीधररावांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता दोन देव पाण्यात. एक तिचा, एक तुझा. आणि दोघांचं ऐकायचं म्हटलं, तर त्यानं करायचं काय?"

"म्हणजे?"

"काही नाही. चहा टाक."

पण सुहासिनीबाईंना कळायचं ते कळलं होतं. संध्याकाळी माळ घेऊन बसल्या, पण 'लवकर' हा शब्द तोंडातून निघेना. लवकर कोणाचं? त्या दुसरं काही म्हणून बघू लागल्या. साईला बरं कर, असं म्हटलं की आतून दुसरा आवाज यायचा, मग कादंबरीचं काय? कादंबरीला वाचव, असं म्हटलं की मुक्ताईंचा घास घेतलेला हात दिसायचा. शेवटी त्यांनी माळ खाली ठेवली आणि नुसत्याच बसून राहिल्या. इतकं अगतिक त्यांना कादंबरीचं दुखणं कळलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान काय मागायचं ते तरी ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी त्या नि श्रीधरराव दोघंही कादंबरीला घेऊन आले. कादंबरी आत गेली, मशीन सुरू झालं. आठच्या सुमाराला डॉक्टर आणि नम्रता मॅडम मुक्ताईंना घेऊन बाजूच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं. आतून फक्त हळू बोलण्याचा आवाज येत होता. नम्रता मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. सुहासिनीबाई उठायला लागल्या तर त्यांनी हातानंच थांबवलं. "काकू, मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. प्लीज, विचारू नका." आणि त्या निघून गेल्या.

मग काय समजायचं राहिलं होतं?

मुक्ताई आल्या आणि बाकावर बसल्या. रडत नव्हत्या.

"ते म्हन्ते साई गेला," त्या म्हणाल्या. "काल बी तपासलं, आज बी तपासलं, दोनदा. डोकं गेलं म्हन्ते, मशिनीवर नुसता श्वास चालू हाये. पर बाई, मी हात लावून आली. गरम हाये हात. गेलेल्या मानसाचा हात गरम ऱ्हाते का?"

सुहासिनीबाई बाकावर त्यांच्या जवळ सरकल्या.

"आन मंग ते म्हन्ते, कागदावर सही करा. त्याचं काळीज, त्याचे डोळे, किडन्या, दुसऱ्याले देता येतात म्हन्ते. सहा मानसं वाचतीन म्हन्ते. मी म्हन्लं, मी त्या बाईले इचारते. त्या सांगतीन तसं करते." मुक्ताईंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं. "तुमच्या पोरीले तेच लागते ना जी?"

"हो," सुहासिनीबाई म्हणाल्या. इथं त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"मंग सांगा. माहा देव तर पान्यात हाये. तुमीच म्हन्ल्या, ऐकल्याबिगर काढाचा नाई. तुमीच म्हन्ल्या, कोनी काई म्हनो. आता सही केली म्हंजे मीच देवाले सोडल्यावानी होते का? वाट पाहू का सही करू? तुमी म्हनान तसं."

पलीकडे भिंतीला टेकून श्रीधरराव उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात सुहासिनीबाईंनी त्या माणसाच्या डोळ्यांत कधी अशी याचना पाहिली नव्हती. बोल, असं ते डोळे म्हणत होते. अगं, एक शब्द. एकच तर शब्द हवाय.

आणि खरंच एकच शब्द हवा होता. तोही खोटा नव्हे. डॉक्टर खरं सांगताहेत, मुक्ताई, तुमचा साई गेला, सहा जणांच्या घरात दिवा लागेल, करा सही. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ते पुण्याचं काम झालं असतं. पण सुहासिनीबाईंच्या तोंडून ते निघालं असतं तर फक्त कादंबरीसाठी निघालं असतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं, आणि समोर बसलेल्या त्या बाईलाही कधी ना कधी कळलंच असतं. पाच महिने ज्याची वाट पाहिली ते उत्तर रबरी चपला घालून शेजारी येऊन बसलं होतं, आणि वर त्यांनाच विचारत होतं, येऊ का?

त्यांनी एकदा प्रयत्न केला, नाही असं नाही. "मुक्ताई," त्या म्हणाल्या, "डॉक्टर खोटं सांगत नाहीत."

"डॉक्टर नाई सांगत खोटं," मुक्ताई म्हणाल्या. "पर तुमी? तुमी बी देवाचं खोटं नसान सांगितलं ना?"

सुहासिनीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. खरखरीत, गार हात. आतल्या पोराचा हात गरम आणि आईचा हा असा.

"मला विचारू नका, मुक्ताई," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी त्या यादीत पहिली आहे. मी काहीही सांगितलं तरी ते माझंच असेल. तुमचं मन काय म्हणतं?"

मुक्ताई अतिदक्षता विभागाच्या दाराकडे वळल्या. "मन म्हन्ते, वाट पाय," त्या म्हणाल्या. "पाहू का, बाई?"

"बघा," सुहासिनीबाई म्हणाल्या.

श्रीधरराव तिथून निघून गेले. जिना उतरतानाची त्यांची पावलं ऐकू आली, मग तीही थांबली.

साईचं हृदय रविवारी दुपारी बंद पडलं. त्यानंतर किडन्या, काळीज काही देता येण्यासारखं उरलं नव्हतं. गावाकडून मुक्ताईंचा भाऊ हिंमतराव गाडी घेऊन आला होता. सुहासिनीबाई हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेल्या, पण काय बोलणार? मुक्ताईंनी त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, आणि मग गाडीत बसताना म्हणाल्या, "तुमच्या पोरीले बरं वाटो, बाई." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं, निदान मान खाली घालून ऐकता तरी येतं.

घरी श्रीधरराव पेपर उघडून बसले होते, कालचाच. शनिवारपासून ते एक शब्द बोलले नव्हते. आता म्हणाले, "सहा माणसं, सुहास. आपली एक सोड. बाकीच्या पाच जणांचं तू काय केलंस?"

आपण केलं ते मोठेपणा होता की भ्याडपणा, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, पातेल्यातून बाळकृष्ण बाहेर काढला, पदरानं पुसला. पाच महिन्यांत त्याच्या गुडघ्यांवर हिरवट डाग पडले होते. चिंच लावून घासला तरी ते निघाले नाहीत. तसाच देव्हाऱ्यात ठेवला. कुठली अट घातली नाही, माफीही मागितली नाही. धाडस झालं नाही एवढंच.

मंगळवारी सकाळी पुन्हा हॉस्पिटल. कादंबरीला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या मजल्यावर गोष्टी लपत नाहीत. शेजारच्या मशीनवरच्या पेशंटनं तिला सगळं सांगितलं होतं. ती पलंगावर आडवी झाली, बाही वर केली. जिथं सुया टोचायच्या तिथली शीर दोरखंडासारखी फुगलेली होती.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तिच्या जागी तू असतीस, आणि आत मी. आणि कागद तुझ्यापुढे ठेवला असता. तू केली असतीस सही?"

सुहासिनीबाईंनी मुलीकडे पाहिलं. चेहरा सुजलेला, ओठ पांढुरके, डोळे मात्र लहानपणी होते तसेच, टक लावून बघणारे. त्या डोळ्यांना आजवर त्यांनी कधी थाप मारली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसती केली."

"वाटलंच मला," कादंबरी म्हणाली. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते, की सुई टोचली म्हणून अंग आकसलं, ते सुहासिनीबाईंना कळलं नाही. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, नेहमीसारखा, कोरडा. "जा, बाहेर बस. इथे रडू नकोस. लोक बघतायत."

सुहासिनीबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. शेजारची जागा रिकामी होती. मोबाइल मांडीवर होता, चालू होता. त्यांनी हात जोडले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदाच, काय म्हणायचं ते ठरवल्याशिवाय जोडले.

द्यायचं असेल तेव्हा दे, त्या मनात म्हणाल्या. मी बसते. फक्त कोणाच्या हातातून काढून देतोस, ते मला दाखवू नकोस.

हे म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हेही मागणंच झालं. मग त्यांनी तेही सोडलं आणि नुसत्या बसून राहिल्या. अकरा वाजायला अजून चार तास होते.